जे.जे.च्या आवारात एक दुपार

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचा निकाल आला की आमच्या शाळेत दरवर्षी काही मुलींची नावे फळ्यावर लागतात. कुणाला ए ग्रेड, कुणाला बी. वर्गात टाळ्या वाजतात, घरी मिठाई येते, दहावीच्या निकालात त्या ग्रेडचे जादा गुण मिळतात आणि गोष्ट तिथेच संपते. रंगपेटी माळ्यावर जाते. मुलगी सायन्सला, कॉमर्सला किंवा डी.एड.ला जाते. आम्ही वीस वर्षांपासून शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. एवढ्या वर्षांत आमच्या वर्गातल्या एकाही मुलीने चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेश घेतल्याचे आम्हाला आठवत नाही. मुलींच्या हातात कसब नव्हते असे नाही. त्यांच्या घरांत तो विषय कधी निघालाच नाही.

यंदा तो आमच्याच घरात निघाला. आमची मुलगी बारावीला आहे. एका रात्री जेवण झाल्यावर ती म्हणाली, "मला कमर्शियल आर्ट शिकायचे आहे. जे.जे.ला. प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, मी देऊ का?"

घरात आम्ही चौघे. मुलीचे अब्बा, मुलीची दादी, मुलगी आणि आम्ही. अब्बांनी लगेच उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तिथे जानदार चिजांच्या तस्वीरी काढाव्या लागतील. त्याचे काय करणार?" हा प्रश्न येणार हे आम्ही ओळखून होतो. पण दादींचे म्हणणे आम्हाला अपेक्षित नव्हते. त्या म्हणाल्या, "दीन-मजहबची गोष्ट तुम्ही बघा. मी रोटीची गोष्ट सांगते. कलमाने पोट भरत नाही. या घराने ते एकदा पाहिले आहे."

दादी असे का म्हणाल्या ते सांगायला हवे. आमचे सासरे मरहूम कातिब होते. एका उर्दू दैनिकात आणि भेंडी बाजारातल्या छापखान्यांत त्यांनी उमर काढली. आज पंचवीस वर्षांच्या मुलाला कातिब म्हणजे काय ते समजावून सांगावे लागते. उर्दूचे नस्तालिक अक्षर छापखान्याच्या खिळ्यांत नीट बसत नाही, कारण त्यातली अक्षरे एका ओळीत उभी राहत नाहीत, उतरत्या चालीने एकमेकांत मिसळतात. म्हणून मराठी वर्तमानपत्रे खिळे जुळवून छापली जात होती त्या काळातही उर्दू वर्तमानपत्र हाताने लिहिले जात होते. अख्खे वर्तमानपत्र, रोजच्या रोज. बातमी यायची, कातिब बोरूच्या कलमाने ती लिहायचा आणि त्या लिहिलेल्या कागदावरून छपाई व्हायची. मग पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी नस्तालिकचे हजारो जोड हाताने रेखून यंत्रासाठी तयार केले आणि १९८१ साली लाहोरचे 'जंग' दैनिक त्या 'नूरी नस्तालिक'मध्ये निघाले. पुढे आपल्याकडेही संगणक आले. एकेका दैनिकातले कातिब घरी बसू लागले. सासऱ्यांवरही ती वेळ आली. शेवटची काही वर्षे ते लग्नाच्या पत्रिका आणि दुकानांच्या पाट्या लिहीत होते. दादींनी ते दिवस शिवणकामावर काढले. त्यामुळे नातीच्या तोंडी 'अक्षर', 'रेखाटन' असले शब्द आले की त्यांना ते दिवस आठवतात.

त्या रात्री काहीच ठरले नाही. दुसऱ्या दिवशी अब्बाच म्हणाले, "न बघता हो म्हणणार नाही आणि न बघता नाहीही म्हणणार नाही. चला, एकदा जाऊन बघू." मुलीने चौकशी केली. कॉलेजचे वार्षिक प्रदर्शन लागले होते आणि ते बाहेरच्यांना बघता येत होते. रविवार गाठून आम्ही चौघे बोरीवलीहून चर्चगेटची फास्ट गाडी पकडून निघालो.

चर्चगेटहून टॅक्सी केली. क्रॉफर्ड मार्केटपाशी उतरलो तेव्हा दादी म्हणाल्या, "हे तर आपले मार्केट." खरेच आहे. ईदची खरेदी, लग्नाचा बस्ता, सुका मेवा, रमजानमध्ये मोहम्मद अली रोड, या सगळ्यासाठी बोरीवली, मालाड, जोगेश्वरीची आपली माणसे याच चौकात उतरतात. त्या चौकापासून चार पावलांवर, दादाभाई नौरोजी रस्त्याला लागून, झाडांनी भरलेले एक मोठे आवार आहे. त्याच्या फाटकावरून आम्ही किती वेळा गेलो असू याचा हिशेब नाही. आत मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाऊल टाकले. पहारेकऱ्याने वहीत नाव लिहायला सांगितले आणि हाताने रस्ता दाखवला. तिकीट नाही, ओळख नाही, कुणाची चिठ्ठी नाही.

या जागेची थोडी माहिती वाचकांना द्यायला हवी. सर जमशेदजी जीजीभॉय हे पारशी व्यापारी. गरिबीतून वर आले आणि दानधर्मासाठी नावाजले गेले. मुंबईत कला आणि कारागिरी शिकवणारी शाळा निघावी म्हणून त्यांनी एक लाख रुपये दिले. १८५७ साली शाळा सुरू झाली. आजची काळ्या दगडाची मुख्य इमारत १८७८ची आहे. इथे शिकवायला आलेले जॉन लॉकवूड किपलिंग यांनी क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची दगडी शिल्पपट्टी योजली. बाजारात जाणाऱ्या शेतकऱ्यांची आणि कामकऱ्यांची ती शिल्पे आजही दारावर आहेत. त्यांचा मुलगा रडयार्ड, जो पुढे मोठा लेखक झाला, तो १८६५ साली याच आवारात जन्मला. पलीकडे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दगडावर जी पाने, फुले, पशुपक्षी कोरले आहेत, त्यांतही या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. नंतरचे प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन वर्षानुवर्षे अजिंठ्याला जात आणि लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करून घेत. दादासाहेब फाळके इथेच शिकले. चित्रकला, शिल्पकला, कापडाचे नक्षीकाम, मातीकाम, धातुकाम, घराची अंतर्गत सजावट, कलाशिक्षकाची पदविका हे सगळे एका आवारात. उपयोजित कला, म्हणजे मुलगी जिला कमर्शियल आर्ट म्हणते ती, आणि वास्तुकला यांचे शिक्षणही त्याच आवारात मिळते.

हे वाचून आमच्या शाळेची सहल आठवली. बोरीवलीच्या शाळा मुलांना दरवर्षी नॅशनल पार्कमध्ये नेतात आणि वर कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत चढवतात. तिथे शंभरावर लेणी आहेत. भिक्षूंना बसायला दगडी बाक, पावसाचे पाणी साठवायला टाकी, सगळे एकाच खडकात कोरलेले. ती राहण्याची आणि शिकण्याची जागा होती. तिथे शिक्षण आणि हाताचे काम एकाच आवारात चाले. जे.जे.च्या आवारातही तेच चालते, फक्त काळ वेगळा आहे.

प्रदर्शन म्हणजे संगमरवरी जमिनीची, थंडगार वाऱ्याची मोठी गॅलरी असेल अशी आमची कल्पना होती. तसे काही नव्हते. विद्यार्थ्यांनी आपले वर्गच आवरून, भिंती रंगवून छोटी छोटी चित्रदालने केली होती. छत उंच, खिडक्या मोठ्या, फरशीवर वर्षानुवर्षे सांडलेल्या रंगाचे डाग. काही खोल्या तर आमच्या हॉलएवढ्याच. प्रत्येक खोलीत काम करणारी दोन-तीन मुलेमुली उभी. विचारले तर सांगणार, नाही विचारले तर गप्प राहणार.

कापडाच्या विभागात हातमाग होता. एका मुलीने आठ-दहा रंगांच्या सुतात भौमितिक नक्षी विणली होती. दादींनी कापडाचे टोक उलटून मागची बाजू पाहिली. शिवणकाम केलेला माणूस आधी मागची बाजू बघतो. "सफाई आहे," एवढेच त्या म्हणाल्या. मातीकामाच्या खोलीत निळ्या झिलईच्या फरशा मांडल्या होत्या. त्या पाहून अब्बा बराच वेळ थांबले. तशा फरशा त्यांनी दर्ग्यांच्या आणि जुन्या मशिदींच्या फोटोंत पाहिल्या होत्या. भट्टीत किती तापमान लागते, झिलई कशाची करतात, फुटतात किती, असे सगळे त्यांनी विचारून घेतले. त्यांचा स्वतःचा धंदा प्लंबिंगच्या सामानाचा, म्हणून मातीच्या भांड्यांवरच्या झिलईची त्यांना थोडी जाण आहे.

पुढची खोली व्यक्तिचित्रांची आणि पुतळ्यांची होती. अब्बा दारातच थांबले. आम्हीही थांबलो.

या ठिकाणी दोन शब्द स्पष्ट लिहितो, कारण वाचकांच्या घरांतही हाच प्रश्न असणार. जानदार चिजांच्या तस्वीरी बनवण्याबद्दल हदीसमध्ये कडक इशारे आहेत, हे आपण सगळे जाणतो. पूजेसाठी घडवलेल्या मूर्तीबद्दल तर शंकेला जागाच नाही. रेखाटन, छायाचित्र, मुलांच्या पुस्तकातले चित्र यांच्याबद्दल मात्र उलेमांत मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. हजरत अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस आला, त्याची हकीकत हदीसच्या किताबांत आहे. त्यांनी त्याला आधी इशारा ऐकवला आणि मग रस्ताही दाखवला, की काढायचेच असेल तर झाडे काढ, ज्यात जान नाही त्या गोष्टी काढ. ही हकीकत अब्बांनीच आम्हाला त्या दारात उभे राहून सांगितली. मुलगी ऐकत होती. आम्हाला यात महत्त्वाचे वाटले ते हे, की त्या माणसाला रोजीशिवाय परत पाठवले नाही.

आणि तो रस्ता काही अरुंद नाही. विजापूरला गेलेल्यांनी इब्राहिम रोजा पाहिला असेल. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या त्या मकबऱ्यात दगडाच्या जाळ्या अक्षरांच्याच कापल्या आहेत. उजेड अक्षरांतून आत येतो. तिथे माणसाचे एकही चित्र लागले नाही आणि तरी ते दख्खनच्या सर्वांत देखण्या इमारतींपैकी एक आहे.

जोहरची वेळ झाली तसे अब्बा जामा मशिदीकडे गेले. क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडे, शेख मेमन स्ट्रीटला, पाण्याच्या तळ्यावर उभारलेली १८०२ सालची ती मशीद आवारापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मुलीला अक्षरांची खोली बघायची होती, म्हणून आम्ही तिघी तिकडे गेलो.

ती खोली सर्वांत लहान होती. भिंतीवर देवनागरीचे मोठमोठे तक्ते. एका विद्यार्थ्याने नवा देवनागरी टाइप रेखला होता, म्हणजे संगणकासाठी अक्षरांचा एक पूर्ण संच. 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे, आकडे. प्रत्येक अक्षराच्या बाजूला छोटे चौकोन एकावर एक रचून दाखवले होते. दादींनी चष्मा पुसून ते चौकोन पाहिले आणि विद्यार्थ्याला विचारले, "बेटा, हे कशाला?"

तो म्हणाला, "आजी, हे माप आहे. टाकाचे टोक जेवढे रुंद, तेवढा एक चौकोन. अक्षराची उंची किती चौकोनांची, काना किती जाड, हे त्यावरून ठरते. नाहीतर एक अक्षर मोठे होते, एक लहान."

दादी हसल्या. "आम्ही याला कत म्हणतो," त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्याच्याकडे कागद आणि जाड टोकाचा पेन मागितला. कागदावर तीन तिरपे ठिपके एकाखाली एक काढले आणि त्यांच्या बाजूला एक अलिफ ओढला. अलिफ तीन ठिपक्यांएवढाच भरला. "नस्तालिकचा अलिफ तीन कताचा. बे, जीम, सगळ्यांचे माप ठरलेले. आमचे ते रात्री दिव्याखाली शागिर्दांकडून हेच गिरवून घ्यायचे. चहा देता देता मी शिकले."

आम्ही या घरात लग्न होऊन आलो त्याला वीसहून अधिक वर्षे झाली. दादींच्या हातात कलम आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. पत्रावर, शाळेच्या फॉर्मवर त्या सही करतात तेवढीच. त्यांना अलिफ ओढता येतो हे मुलीच्या अब्बांनाही ठाऊक नव्हते.

खोलीतली इतर मुले गोळा झाली. प्रश्न सुरू झाले. कलम कशाची करतात? दादींनी सांगितले, बोरूची, आणि टोक तिरपे कापावे लागते, त्या कापण्यालाही कतच म्हणतात. शाई वाहते का? कापडाचे सूत दौतीत घालायचे, म्हणजे कलम जादा शाई उचलत नाही. चूक झाली तर? तर ब्लेडने खरवडायची, आणि फार झाली तर पान पहिल्यापासून. ज्या विद्यार्थ्याचा टाइप होता त्याने ते सगळे वहीत टिपून घेतले. तो कागद तुम्ही मला द्याल का, असे त्याने विचारले. दादींनी दिला.

मग दादींनी त्यांचा खरा प्रश्न विचारला. "बेटा, याने पोट भरते का?"

मुलाने मोठमोठ्या गोष्टी सांगितल्या नाहीत. तो म्हणाला, "टाइप रेखून जगणारे थोडे आहेत, आजी. पण अक्षर येणाऱ्याला काम मिळते. पुस्तकांची मांडणी, वेष्टनांवरची अक्षरे, दुकानांच्या पाट्या, मोबाइलच्या पडद्यावरची चिन्हे, जाहिरात, पाठ्यपुस्तके. पहिली दोन-तीन वर्षे ओढाताण होते. माझे मोठे मित्र छोट्या-मोठ्या कंपन्यांत आहेत, काही घरून काम घेतात." मग तो म्हणाला, "संगणकाने कातिबांचे काम घेतले हे खरे आहे. पण संगणकात जे अक्षर आहे तेही कुणीतरी हातानेच रेखलेले आहे."

हे त्याने सहज सांगितले, पण आम्ही शाळेच्या कार्यालयात रोज जे बघतो ते आठवले. शाळेच्या नोटिसा ज्या अक्षरात टाइप होतात त्याचे नाव 'मंगल'. विंडोजच्या संगणकावर मराठी लिहिणाऱ्या अनेकांनी ते वापरले आहे. ते रेखणारे रघुनाथ कृष्ण जोशी याच जे.जे.त उपयोजित कला शिकले आणि पुढे पवईच्या आयआयटीत त्यांनी अक्षरकला शिकवली. २००८ साली ते वारले. त्यांचे अक्षर आमच्या कार्यालयात अजून रोज उमटते. कातिबाचे काम संपले असे आपण म्हणतो, पण त्याची जागा बदलली आहे. पूर्वी शंभर दैनिकांत शंभर कातिब रोज तेच अक्षर लिहीत. आता एक जण एकदा रेखतो आणि लाखो लोक ते वापरतात. यात शंभरांची रोजी गेली, हे दुःख खरे आहे. पण तो एक जण कोण असेल, हा प्रश्न उरतो. उर्दू अक्षरासाठी तो माणूस लाहोर-कराचीचाच का असावा? तो मुंबईचा, उर्दू आणि मराठी दोन्ही लिपी लहानपणापासून गिरवलेला का नसावा? आपल्या घरांतली मुले दोन लिप्या, काही ठिकाणी अरबी धरून तीन लिप्या गिरवत वाढतात. हे भांडवल दुसऱ्या कुणाकडे सहसा नसते आणि आपण ते मोजतही नाही.

अब्बा नमाज पढून परत आले तेव्हा दादी स्टुलावर बसल्या होत्या आणि भोवती सात-आठ मुले उभी होती. अब्बांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही हळूच म्हणालो, "अम्मी शिकवत आहेत." ते काही न बोलता मागे उभे राहिले. आपल्या वडिलांच्या कामाबद्दल कुणी इतक्या आदराने विचारताना त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिले असेल.

या आवारात आपली माणसे पूर्वी आली नाहीत असे नाही. सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातून आले आणि १९४३ ते १९४७ या काळात इथे शिकले. तय्यब मेहता तर याच परिसरात, क्रॉफर्ड मार्केटच्या मोहल्ल्यात वाढले. १९४७च्या दंगलीत मोहम्मद अली रोडवर जमावाने एका माणसाला मारलेले त्यांनी खिडकीतून पाहिले. तो धक्का उमरभर त्यांच्या चित्रांत राहिला. अकबर पदमसी, आदिवासींचे जीवन रंगवणारे अब्दुलरहीम आलमेलकर हेही इथलेच विद्यार्थी. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून जगत होते, हे तर सर्वांना ठाऊक आहे.

मुलींचे काय, असे आमच्या मुलीने विचारले. घरी आल्यावर आम्ही शोधून वाचले. नसरीन मोहमदी यांचा जन्म १९३७चा, कराचीतला. त्या मुंबईत वाढल्या, लंडनला शिकल्या आणि पुढे बडोद्याच्या विद्यापीठात शिकवत राहिल्या. त्यांच्या नंतरच्या कामात माणूस नाही, झाड नाही, फक्त पेन्सिलीच्या आणि शाईच्या रेषा आहेत. १९९० साली अलिबागजवळच्या किहीमला त्यांचे निधन झाले. आज त्यांच्या रेषा जगभरच्या संग्रहालयांत आहेत. दुसऱ्या झरीना हाश्मी, अलीगढच्या. त्यांनी विद्यापीठात गणित शिकून पुढे लाकडी ठशांची कला आत्मसात केली. १९९९ साली त्यांनी छत्तीस ठशांची एक मालिका केली. विषय घर. प्रत्येक ठशात एकच कल्पना, काही रेषा आणि खाली नस्तालिकमध्ये तिचा उर्दू शब्द. ते शब्द त्यांनी एका पेशेवर कातिबाकडून लिहवून घेतले होते. ती मालिका न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. दादींना आम्ही हे वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "कातिबाला पैसे नीट दिले असतील ना?" आम्ही म्हणालो, "दिले असतील, अम्मी."

आता घरात काय ठरले ते सांगतो. प्रदर्शनात आम्ही जे विचारले त्यात एक गोष्ट अडचणीची निघाली. कुठलाही अभ्यासक्रम घ्या, सुरुवातीला मानवाकृतीचे रेखाटन करावेच लागते. त्यातून सूट नसते. अब्बांनी आमच्या मशिदीच्या मौलाना साहेबांना विचारले. त्यांनी घाई केली नाही. दोन्ही बाजूंच्या उलेमांची मते समजावली, शिक्षणासाठी केलेले रेखाटन आणि धंदा म्हणून केलेले काम यांत काही उलेमा फरक करतात हे सांगितले आणि निर्णय घरावर सोडला. अब्बांनी दोन दिवस विचार केला. मग मुलीला म्हणाले, "अभ्यासात जे करावे लागेल ते कर. रोजीसाठी अक्षराचा रस्ता धर. आणि मूर्तीचे काम घेणार नाहीस हे मला आज सांग." मुलीने शब्द दिला. दुसरे कुठले घर कदाचित वेगळे ठरवेल आणि त्या घराचा तो हक्क आहे. आमच्या घरात हे बोलून, विचारून, प्रत्यक्ष पाहून ठरले, एवढ्यावर आम्ही समाधानी आहोत.

दादींनी आपली शंका मागे घेतलेली नाही. त्या म्हणतात, "पोट भरेल की नाही, ते मी बघणार आहे." पण मुलीला बोरूची कलम कापायला त्यांनी शिकवायला घेतले आहे. बोरीवली स्टेशनबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानांत बोरू मिळाला नाही, तो भेंडी बाजारातूनच आणावा लागला. रोज असरनंतर अर्धा तास दोघी बसतात. अलिफ अजून तीन कतात बसत नाही. दादी पान फाडायला लावतात.

ज्या वाचकांच्या घरात चित्र काढणारे मूल आहे त्यांना आमचे सांगणे थोडे आहे. कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शने असतात. जे.जे.सारखी सरकारी संस्था असो की उपनगरातले एखादे छोटे कॉलेज, प्रदर्शनाच्या दिवसांत चौकशी करून जावे. मुलाला एकट्याला पाठवू नये, घरातल्या मोठ्यांना घेऊन जावे. भिंतीवरच्या चित्रांपाशी जेवढे थांबाल त्याहून जास्त ते काढणाऱ्या मुलांशी बोलावे. फी, सवलती, शिष्यवृत्ती, वसतिगृह, येण्याजाण्याचा वेळ, नमाजाची सोय, प्रवेशपरीक्षा, शिक्षण संपल्यावरची पहिली दोन वर्षे, हे सगळे विचारून लिहून आणावे. दीनची शंका असेल तर ती दाबू नये, जाणकार आलिमांना विचारावी. आणि मग जे ठरवायचे ते ठरवावे, हो किंवा नाही.

शिक्षक बंधुभगिनींना आणखी एक विनंती. इंटरमिजिएटच्या ग्रेडचे कौतुक झाले की त्या मुलींच्या पालकांना एकदा शाळेत बोलवावे आणि या वाटा सांगाव्यात. पटो न पटो, त्यांना त्या ठाऊक तरी असाव्यात. आम्ही यंदापासून हे सुरू केले आहे. पहिल्या बैठकीला चार माता आल्या, त्यांतल्या दोघींनी प्रदर्शन पुन्हा कधी असते ते विचारले.

मुलीची प्रवेशपरीक्षा अजून व्हायची आहे. वाचकांनी तिच्यासाठी दुआ करावी.